तपासणी शिबिर मंगळवारी सकाळी दहालाच का? कामाला जाणाऱ्या बायकांनी यायचं कधी?

रामबागची सून (इंदूर)
आमच्या भागात नुकतंच मोफत तपासणी शिबिर झालं. मंगळवार, दहा ते एक. त्या वेळी पोळ्या-भांडी करणारी बाई तिसऱ्या घरी असते आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गाडी लावणारा झोपलेला असतो. आले कोण? ज्यांची शुगर घरचे दर महिन्याला तपासून घेतात, तेच. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, मधुमेह, आणि कर्करोगासाठी तोंड, बायकांचे स्तन व गर्भाशयमुख तपासायचं असं सरकारचंच धोरण आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या फक्त १.९ टक्के! शिबिरं रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्या, आणि साडीचा आडोसा नको, कडी लागणारी खोली द्या.

पलसीकर कॉलनीवाले काका
सूनबाई, तळमळ पटते, मागणी पटत नाही. सरसकट तपासण्यांनी काय होतं ते दक्षिण कोरियात दिसलं. थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान १९९३ ते २०११ मध्ये पंधरापट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांचे गळे विनाकारण कापले गेले. आपल्याकडे बायोप्सीसाठी, म्हणजे तुकडा काढून तपासायला, आधीच रांगा. गरीब बाईला ‘संशय आहे’ म्हणून घरी पाठवायचं आणि पुढे वाली कोणी नाही, हा छळ आहे. पैसा आधी उपचारावर लावा.

रामबागची सून
काका, थायरॉईडची सोनोग्राफी मागतंय कोण? तोंड बघायला टॉर्च पुरते. मुंबईत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्यांनी नुसतं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड (व्हिनेगरमध्ये असतं ते) लावून गर्भाशयमुख तपासलं. पाहणीत दीड लाख बायका होत्या. ज्या गटाची तपासणी झाली त्यात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे २०१४ मध्ये छापून आलंय. पॅकेज विकणाऱ्या लॅबवर तुमचा राग असेल तर माझाही आहे, पण त्यापायी ही तपासणी का अडवायची?

विजयनगर
क्लिनिक मोहल्ल्यात आहे, फुकट आहे, तरी लोक जात नाहीत. घरोघरी किती मागे लागायचं? स्वतःच्या जिवाची काळजी ज्याची त्यानेच घ्यावी.

निवृत्त सिस्टर, सुदामानगर
विजयनगर, रोजंदारीवाला अर्धा दिवस बुडवून येतो तेव्हा ते फुकट नसतं, भैया.

मी तोंडं खूप तपासली आहेत. गुटखा खाणाऱ्याला ‘आ करा’ म्हटलं की दोन बोटंही आत जात नाहीत. गालाची आतली बाजू पांढरट, दोरीसारखी ताठ लागते. त्याला दुखत नसतं, म्हणून तो स्वतःहून येणारच नाही. ऑटोस्टँडवर जाऊनच बघावं लागतं.

पण काकांचाही मुद्दा खरा. रजिस्टरमध्ये ‘पुढे पाठवले’ एवढंच लिहिलेलं असतं. ती बाई पोचली का, कोणाला ठाऊक नसतं. ते अ‍ॅसिड लावल्यावर गर्भाशयमुखावर पांढरा डाग दिसला आणि तो जाळण्याजोगा असेल तर त्याच बैठकीत जाळून टाकता येतो, जागतिक आरोग्य संघटनाही हा मार्ग सांगते. त्याऐवजी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवतात. मग नवऱ्याची रजा, सासूची परवानगी... बाई तिथेच गळते.

पलसीकर कॉलनीवाले काका
हेच म्हणतोय मी. रविवारी घ्या, माझी हरकत नाही. पण संशयित निघालेल्या प्रत्येक बाईमागे एक माणूस नेमल्याशिवाय शिबिराचा मंडप घालू नये.

रामबागची सून
हे मान्य, काका. ‘आधी उपचार, मग तपासणी’ मात्र मान्य नाही, कारण उशिरा कळलेल्या कर्करोगाचा उपचारच जास्त महाग पडतो. गणपतीत आमच्या मंडळाचं शिबिर आहे, आरतीनंतर रात्री आठला घ्या असं सांगते. सिस्टर, पाठपुराव्याची वही तुम्ही बघाल का?

निवृत्त सिस्टर, सुदामानगर
बघते. सोबत फोन करायला दोन मुली द्या, आणि खोलीला आतून कडी आहे ना ते आधी तपासा.