अ‍ॅबिलीन, कॅन्सस : काउंटीच्या जुन्या नोंदींसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील अ‍ॅबिलीन हे गाव १८६१ मध्ये डिकिन्सन काउंटीचे (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) मुख्य ठिकाण ठरले, तेव्हा तेथे रेल्वे पोहोचायला अजून सहा वर्षे अवकाश होता. १८६७ मध्ये लोहमार्ग आला, गुरांचे व्यापारी जोसेफ मकॉय यांनी स्थानकाजवळ गुरांचे मोठे आवार बांधले आणि टेक्सासहून हाकत आणलेली गुरे येथून गाडीने पूर्वेकडे जाऊ लागली. हा भाग सर्वत्र सविस्तर वाचायला मिळतो. मला अधिक मोलाचे वाटते ते आसपासच्या शेतकऱ्यांचे म्हणणे, कारण त्यांच्या विरोधानंतरच १८७२ मध्ये हा व्यापार अन्य गावांकडे वळला. त्या काळातील काउंटीच्या सभांची इतिवृत्ते आणि जमिनीचे दस्त भारतातून कसे पाहता येतील, किंवा कॅन्ससमधील कोणी सदस्य तेथे चौकशी करू शकतील का, हे कृपया कळवावे.