सहा फुटी लेथ आंबा घाटातून न्यायचाय, बांधायचा कसा?

लेथ_रत्नागिरी: कोल्हापूरहून रत्नागिरीला सहा फुटी जुना लेथ (धातू कातायचं मशीन) न्यायचाय. वजन १२०० किलोच्या आसपास. गाडी टाटा ४०७ (छोटा ट्रक), हौद्याला पत्रा, चढवायला हायड्रा (क्रेन). ड्रायव्हर म्हणतो, वरून दोन रॅचेट बेल्ट (हँडलने आवळायचे पट्टे) टाकले की झालं. बेल्टवर ५ टन लिहिलंय. घाटाच्या उताराला पुरेल?

बिडाचा_पाया: अजिबात नाही. तो ५ टनाचा आकडा बहुतेक वेळा बेल्ट तुटण्याचा असतो. हाताने रॅचेट आवळून ताण येतो तो जेमतेम ३०० किलोचा. शिवाय वरून टाकलेला बेल्ट मशीन नुसतं खाली दाबतो, पुढे सरकायला थेट अडवत नाही. करकचून ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो असं धरतात, म्हणजे तुमच्या लेथला ९६० किलो. तेलकट पत्र्यावर बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाया तेवढ्याने सहज घसरतो.

दोन्ही पायांखाली ४ × ६ इंची लाकूड आडवं घाला, दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर राहील एवढं लांब, आणि फाउंडेशनच्या भोकांतून १६ मिमी बोल्टने आवळा. लेथ रुंदीला कमी आणि वरून जड. वळणावर कलंडतो तो त्यामुळेच. लाकडाखाली रबर मॅट हवीच. हेडस्टॉक (लेथचं जड डोकं) केबिनकडे ठेवा आणि पाया ते पुढची भिंत ही जागा तळाशी ठोकळ्यांनी गच्च भरा.

मग चार तिरके ताण: दोन मागे, दोन पुढे, हौद्याशी ३० ते ४५ अंशांत. ८ मिमी, ग्रेड ८० (जास्त ताकदीची) साखळी, बेडच्या (लेथच्या लांब अंगाच्या) आडव्या फासळ्यांमधून काढलेली. हुक चेसिसच्या आडव्या चॅनलला, पत्र्याच्या कडीला नको. लीडस्क्रू किंवा फीड रॉडवरून (बेडसमोरचे लांब दांडे) काहीही जाता कामा नये. लीडस्क्रू वाकला की थ्रेडिंगचं (आटे पाडायचं) काम गेलंच म्हणा.

फिटर_एमआयडीसी: उचलण्याआधी सॅडल (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक (हेडस्टॉकसमोरचा सरकता आधार) हेडस्टॉकपासून लांबच्या टोकाला नेऊन लॉक करा, नाहीतर हेडस्टॉककडे झोक जातो. चक (काम पकडणारा जबडा) काढा. मोटर बिजागरीच्या प्लेटवर असेल तर खाली ठोकळा द्या, खड्ड्यात प्लेटचे कान तुटतात. हेडस्टॉकचं तेल आणि कूलंट (कातताना थंड ठेवणारं द्रव) काढून घ्या, वाटेत गळलं तर रबर मॅटचा उपयोग शून्य. बेडला ग्रीस, वर ताडपत्री.

लेथ_रत्नागिरी: साखळी मिळाली नाही तर?

बिडाचा_पाया: ५० मिमी बेल्ट चालतील, पण त्याच चार तिरक्या दिशांना, आणि दर दिशेला दोन. बिडाच्या धारेवर जाड रबर किंवा जुन्या टायरचा तुकडा द्या. गोणपाट कापलं जातं. बेल्टला गाठ मारू नका, ताकद निम्म्यावर येते. निघाल्यावर १०-१५ किलोमीटरला एकदा आवळा, मग आंबा गावात उतार लागायच्या आधी परत.