1983 च्या जुलैनंतर भारताने कोलंबोला नेमके काय सांगितले?

लातूर (प्रश्न)

वक्तृत्व स्पर्धेसाठी मी एका विद्यार्थिनीची तयारी करून घेत आहे. शेजारच्या देशात वांशिक हिंसाचार उसळला तर बोलावे की गप्प बसावे, असा विषय असून तिने श्रीलंकेचे उदाहरण निवडले आहे. 23 जुलै 1983 च्या रात्री श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफन्यात, स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या ‘लिट्टे’ या सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यात 13 सैनिक मारले गेले, त्यानंतर कोलंबोत जमावाने मतदार याद्या हातात घेऊन तमिळांची घरे हुडकून जाळली आणि वेलिकडा तुरुंगात दोन खेपांत 53 तमिळ कैद्यांना ठार मारण्यात आले, इथपर्यंतचे टिपण तयार आहे. पुढे मात्र जिथे पाहावे तिथे ‘भारताने तीव्र चिंता व्यक्त केली’ हे एकच वाक्य सापडते. ही चिंता प्रत्यक्षात कशी व्यक्त झाली?

अंबाजोगाई

सर, ते वाक्य खरे असले तरी त्यातून काहीच कळत नाही. हिंसा सुरू असतानाच, जुलै संपण्यापूर्वी, इंदिरा गांधींनी परराष्ट्रमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांना कोलंबोला धाडले. शेजाऱ्याचा मंत्री स्वतः दारात येऊन उभा राहतो तेव्हा ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ हे उत्तर देणे यजमानाला जड जाते. (आपल्या भागासाठी एक जोड द्यावीशी वाटते. हे राव निजामाच्या राज्यातले होते आणि मुक्तिसंग्रामाच्या काळात सरहद्दीपलीकडे चांद्याच्या शिबिरात काम करत होते. जीव मुठीत धरून सीमा ओलांडणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली असणार.) त्यांच्यामागून जी. पार्थसारथी विशेष दूत म्हणून गेले आणि तमिळ भागांना किती अधिकार द्यायचे याची बोलणी त्यांनी चालवली. भूमिका दुहेरी होती: श्रीलंकेची अखंडता मान्य, पण तमिळनाडूत लोक रस्त्यावर उतरलेले असताना आणि निर्वासितांच्या होड्या किनाऱ्याला लागत असताना भारताला त्रयस्थ म्हणता येणार नाही.

विद्यार्थिनीला एखादा प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा असेल तर तिने जून 1987 घ्यावा. जाफन्याची रसद तुटली होती. 3 जूनला रामेश्वरमहून मदतसामग्री घेऊन निघालेल्या भारतीय होड्यांना श्रीलंकेच्या नौदलाने माघारी फिरवले, तर दुसऱ्याच दिवशी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात पाच एएन-32 मालवाहू विमानांनी जाफन्यावर सुमारे 25 टन सामग्री टाकली. जाफन्याची गरज पाहता हे धान्य फार नव्हते. कोलंबोने काय समजायचे ते समजून घेतले आणि 29 जुलैला पंतप्रधान राजीव गांधी व श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या भारत-श्रीलंका करारावर सह्या झाल्या.

परभणी

वरील उत्तरात भारताचा परोपकार जरा जास्तच उजळून निघाला आहे. त्याच करारासोबत जी पत्रे दिली-घेतली गेली, ती वाचावीत. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीचे बंदर भारताच्या हिताला बाधेल अशा लष्करी वापरासाठी कोणत्याही देशाला द्यायचे नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. तमिळांच्या घरांचा आणि बंदराचा काय संबंध? शिवाय दूत बोलणी करत असतानाच तमिळ सशस्त्र गटांना भारताच्या भूमीवर प्रशिक्षण मिळत होते. पुढे करारानंतर श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेला त्यातल्याच ‘लिट्टे’शी लढावे लागले आणि 1990 च्या मार्चमध्ये ती परतली तोवर आपले हजाराहून अधिक जवान कामी आले होते. पाश्चात्त्य देशांचेही फार कौतुक नको. 1977 नंतर अर्थव्यवस्था खुली करणारे जयवर्धने त्यांना जवळचे वाटत, म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त करून व्यवहार चालू ठेवला.

लातूर

पत्रांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. पण हितसंबंध होते म्हणून विमाने पाठवायलाच नको होती, असे आपण म्हणता का?

परभणी

नाही. पाठवली ते ठीकच झाले. फक्त भाषणात त्याला निव्वळ माणुसकी म्हणू नये, परीक्षकांपैकी कोणी जाणकार असेल तर तिथेच पकडेल.

धाराशिव

आमची आजी रझाकारांच्या धामधुमीत बार्शीला जाऊन राहिली होती. ‘आधी पलीकडच्यांनी भाकरी दिली, भाषणं मागनं झाली,’ असे ती सांगायची. त्यामुळे पहिल्या उत्तराकडे माझा कल आहे.

भाषण 1987 वर थांबवू नये, एवढीच सूचना आहे. श्रीलंका सरकार आणि ‘लिट्टे’ यांच्यातले युद्ध संपताच मे 2009 मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत भारत श्रीलंकेच्या बाजूने उभा राहिला. 2012 आणि 2013 मध्ये मात्र त्याने अमेरिकापुरस्कृत ठरावांना, म्हणजे श्रीलंकेच्या विरोधात, मत दिले. 2013 च्या मतदानाच्या दोनच दिवस आधी तमिळनाडूतील द्रमुक पक्षाने केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता. 2014 मध्ये भारत तटस्थ राहिला. याला कोणी कोलांटउडी म्हणेल, पण 2014 च्या ठरावात आंतरराष्ट्रीय चौकशीचे कलम होते आणि बाहेरच्यांनी येऊन चौकशी करावी ही गोष्ट काश्मीरमुळे दिल्लीला कधीच रुचलेली नाही. त्या कलमापाशी तिने अवश्य थांबावे. ‘बोलावे की गप्प बसावे’ या प्रश्नाला दिल्लीने तिथे दिलेले उत्तर ‘बोलावे, पण चौकशी मागू नये’ असे होते.