'तात्पुरती समाधी' म्हणायचं का?

अब्राहम लिंकनचा अंत्यविधी झाला त्या जागेचा १८६५ चा जुना फोटो आहे, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डची ओक रिज दफनभूमी, टेकडीच्या पोटात दगडी खोली आणि तिला दार, बस एवढंच. खाली मराठीत ओळ लिहायचीये. इंग्रजीत रिसीव्हिंग व्हॉल्ट म्हणतात. मी 'तात्पुरती समाधी' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. दुसरं काही सुचतंय का?

– समाधी नकोच, लगेच आळंदी डोळ्यासमोर येते. आणि समाधीला पुरायची अट पण नाही, शिवाजी महाराजांचं दहन झालं तरी रायगडावर आपण समाधीच म्हणतो ना. सरळ थडगं लिही की.

– थडगं म्हणजे खाली माती आली, इथे मातीच दिली नव्हती. ४ मे १८६५ ला पेटी नुसती आत ठेवली, शेजारी मुलाची, विलीची, तो १८६२ मध्येच वॉशिंग्टनला वारला होता, ११ वर्षांचा, त्याची पेटी वर काढून बापाबरोबर त्याच ट्रेनने आणली. असली खोली तिकडे गावच्या सगळ्यांसाठीच असायची, थंडीत जमीन गोठली की खणता यायचं नाही मग पेट्या तिथे थांबायच्या. डिसेंबरमध्ये ह्यांना हलवलं तर ते पण दुसऱ्या तात्पुरत्या जागी! मोठ्या स्मारकाचं उद्घाटन १८७४ ला.

– शवागार?

– छे, पोस्टमॉर्टम आठवतं.

– उर्दूत ह्याला शब्द आहे, अमानतन दफन. म्हणजे नंतर हलवायच्या बोलीवर पुरणं, जमिनीकडे ठेव म्हणून. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली, तिला आधी तिथेच पुरलं आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. आपलं 'अनामत' म्हणजे तेच अमानत, अक्षरं उलटीपालटी होऊन आलेलं. 'अनामत कबर' कसं वाटतं?

– अर्थ अगदी बरोबर बसतो पण लिंकनचं डिपॉझिट जप्त झाल्यासारखं वाटतं हो 😄

– हाहा. पण 'ठेव' वरून सुचलं, नाम शोधायचंच कशाला. असं केलंय: 'कायमची कबर तयार होण्याआधी काही महिने लिंकनची शवपेटी इथे ठेवली होती.'

– 'शवपेट्या ठेवल्या होत्या' कर. विली राहिला.