अनुभव धागा: युनिव्हर्सिटीच्या व्हेटरन्स ऑफिसात काम केलेलं कोणी आहे का इथे?

मीठभाकर

अमेरिकेत एमएसला आलेल्या पोरांचं पहिल्या महिन्यातलं मुख्य काम म्हणजे ऑन-कॅम्पस जॉब शोधणे, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. लायब्ररी भरलेली, डायनिंग हॉलला रात्रीची शिफ्ट, टीए-आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनीस) म्हणजे प्रोफेसरची मर्जी. मला मिळाला व्हेटरन्स ऑफिसचा, म्हणजे शिकायला आलेल्या माजी सैनिकांचे कागद बघणाऱ्या ऑफिसचा, फ्रंट डेस्क. असं काही ऑफिस असतं हेच तोवर माहीत नव्हतं. माजी सैनिक म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेले काका यायचे, इथे समोर सत्ताविशीचा पोरगा, दोन्ही हात टॅटूने भरलेले, सॅकमध्ये केमिस्ट्रीचं पहिल्या वर्षाचं पुस्तक, आणि मला 'येस मॅम' म्हणतोय.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध चालू असतानाच १९४४ च्या जूनमध्ये रूझवेल्टने जीआय बिलावर सही केली, परत येणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकवायचं म्हणून. आज बहुतेक जण वापरतात ते ९/११ नंतरचं व्हर्जन, ऑगस्ट २००९ पासून चालू झालेलं. पूर्ण पात्र असाल तर ३६ महिने सरकारी युनिव्हर्सिटीची इन-स्टेट (त्या राज्याच्या रहिवाशांना लागते ती) फी, पुस्तकांना वर्षाला १००० डॉलरपर्यंत आणि घरभाडं. भाड्याचा आकडा कॅम्पसच्या झिप कोडवर ठरतो, त्या भागात ई-५ म्हणजे साधारण सार्जंटला, बायकापोरं असतील तर, जेवढा भत्ता मिळतो तेवढा.

सगळी मेख या भाड्यात आहे. पैसे महिना संपल्यावर येतात आणि क्लास चालू असतील तेवढ्याच दिवसांचे येतात. सेमिस्टर २५ ऑगस्टला सुरू झालं तर सप्टेंबरच्या सुरुवातीला हातात आठवड्याभराचे पैसे, घरमालकाला मात्र महिन्याचे पूर्ण. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत परत तेच. आणि ऑफिसातल्या सर्टिफायिंग ऑफिशियलने 'हा इतक्या क्रेडिटला बसलाय' असं कळवल्याशिवाय व्हीए, म्हणजे तिकडचं माजी सैनिक खातं, एक डॉलर सोडत नाही. म्हणून डेस्कवर दिवसभर एकच प्रश्न, 'माझं सर्टिफिकेशन गेलं का?' आमची बाई हुशार होती, ती फीच्या रकान्यात शून्य टाकून आधीच कळवून मोकळी व्हायची म्हणजे भाडं-पुस्तकं सुरू होतात, आणि ॲड-ड्रॉप (कोर्स घ्यायची-सोडायची मुदत) संपलं की खरा फीचा आकडा भरायची. एकच माणूस दोनदा भरायचा, काम डबल, पण पोरांचं भाडं वेळेवर.

तर लिहा. कंटाळा, कुरकुर, सगळं चालेल. फक्त कुरकुर करताना युनिव्हर्सिटीचं नाव नको.

शंकासुर

एक बेसिक प्रश्न. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना हे चालतं का? माझ्या युनिव्हर्सिटीत 'व्हीए वर्क-स्टडी' अशी जाहिरात लागलीये.

मीठभाकर

ती जाहिरात आपल्यासाठी नाही रे. व्हीए वर्क-स्टडी म्हणजे जे स्वतः बेनिफिट घेतायत त्यांच्यासाठी, पगारही थेट व्हीए देतं. आपल्याला ऑफिसच्या स्वतःच्या बजेटमधली जागा असेल तरच. बाकी नियम नेहमीचे, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास. ऑफर लेटर घेऊन इंटरनॅशनल ऑफिसचं लेटर घे, दोन्ही घेऊन सोशल सिक्युरिटी ऑफिसला जा.

जर्सीचा_बंड्या

मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो, मराठी सांभाळून घ्या, मी सात वर्षांचा असताना न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. ग्रीन कार्डवर असतानाच आर्मी नॅशनल गार्डमध्ये (अर्धवेळ सैनिकांची फौज) गेलो. हो, ग्रीन कार्डवर जाता येतं. आईला वाटलं मी रागाने बोलतोय, मग कळलं की सही झालीये, मग ती माझ्याशी बोलेना आणि बाबांशी तर अजिबातच बोलेना कारण तुमच्यामुळे अमेरिकेत आलो. आजोबांनी पुण्याहून फोन करून तिला सांगितलं की अगं आपल्याकडे घराण्यात कोणी गेलं नाही, हा गेलाय, जाऊ दे. (दोन महिन्यांनी तेच आजोबा मला विचारत होते की सुटता येतं का.)

परत आल्यावर कॉलेज आणि वर्क-स्टडी. किमान तीन चतुर्थांश लोड घ्यावा लागतो, म्हणजे अंडरग्रॅडला साधारण ९ क्रेडिट. तासाला फेडरल किंवा स्टेटचं मिनिमम वेज, जे जास्त असेल ते, आणि त्यावर टॅक्स नाही. रिझर्व्ह-गार्डवाल्यांचं जीआय बिल वेगळं असतं, चॅप्टर १६०६, ते महिन्याला थोडेसेच पैसे देतं, भाडं वगैरे काही नाही, त्यामुळे मला हे तास खरंच लागायचे.

कामाचं खरं सांगायचं तर फॉर्म आणि प्रिंटर. पण लाउंजमध्ये कॉफी फुकट असायची आणि तिथेच जे व्हायचं ते व्हायचं. १० नोव्हेंबरला मरीन कोअरचा वाढदिवस असतो, १७७५ पासूनचा, केक कापतात आणि खोलीतल्या सगळ्यात वयस्कर मरीनला आधी तुकडा, मग तो सगळ्यात लहान मरीनला देतो. आमच्याकडे वयस्कर म्हणजे व्हिएतनामचे एक आजोबा, हिस्ट्रीचे क्लास नुसते ऐकायला यायचे, आणि लहान म्हणजे एकवीसची मुलगी. आम्ही आर्मीवाले मागे उभे राहून टोमणे मारायचो. वर्षातून एकदाच सगळे एकत्र, बाकी वेळा लोक येतात, फॉर्म टाकतात, गाडी गाठतात. तिशीतला माणूस, दोन पोरं, संध्याकाळी वेअरहाउसची शिफ्ट, तो एकोणीसच्या पोरांबरोबर कशाला थांबेल.

खाकी_कन्या

वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर, आम्ही सातारचे. त्यामुळे टेक्सासमध्ये अशा ऑफिसात जागा निघाली तेव्हा इंटरव्ह्यूत मी बिनधास्त सांगितलं की मला हे कागद कळतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, कँटीन कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या, यातच वाढले. तिकडे डीडी-२१४ असतो. सेवेत कधी आला, कधी सुटला, कसा सुटला, सगळं त्या एका कागदात. 'कसा सुटला' हा रकाना फार महत्त्वाचा, त्यात 'ऑनरेबल' नसेल तर जीआय बिल गेलं. तो कागद हातात देताना माणसाचा चेहरा बघितला की रकान्यात काय आहे ते आधीच कळायचं.

टेक्सासचं आणखी एक वेगळं प्रकरण म्हणजे हेझलवूड. राज्याचा कायदा आहे, पात्र व्हेटरनला सरकारी कॉलेजात १५० क्रेडिट तासांपर्यंत फी माफ, आणि न वापरलेले तास मुलाला देता येतात. म्हणजे ऑफिसात निम्मे लोक व्हेटरन नाहीतच, व्हेटरनची पोरं. वडिलांचा कागद घेऊन आलेली. मी पण कधीकाळी पंतप्रधान शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन अशीच लाइनीत उभी होते (आता मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५०० रुपये आहे, माझ्या वेळी कमी होती), त्यामुळे ही पोरं मला लगेच ओळखू यायची. बाप काय करायचा ते नीट सांगता येत नाही पण त्याचा सर्व्हिस नंबर पाठ.

आणि एक मनात येतं ते लिहितेच. जीआय बिलावर सही झाली त्याच उन्हाळ्यात, जुलै १९४४ मध्ये, आपले यशवंत घाडगे इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडातल्या माणगावला त्यांचा पुतळा आहे. माझे पणजोबा त्याच इटलीतून परत आले आणि दुसऱ्या हंगामाला औत धरलं. शेजारच्या ट्रेंचमधला अमेरिकन ओहायोला जाऊन इंजिनिअर झाला असेल. तक्रार नाही, पण डेस्कवर बसून फॉर्म लावताना हे डोक्यात यायचंच.

कंटाळलेला_स्कॅनर

सगळे भावुक होतायत म्हणून मी बोअरिंग बाजू मांडतो. मी दोन सेमिस्टर फक्त स्कॅनिंग केलं. जुन्या फाइली, कारण व्हीएकडून तपासणी येते आणि प्रत्येक माणसाची ट्रान्स्क्रिप्ट, फी स्टेटमेंट, आधीच्या शिक्षणाचं क्रेडिट दिलंय का याचा पुरावा सगळं दाखवावं लागतं. त्यात २०२३ ला जुनी सिस्टिम बंद होऊन एनरोलमेंट मॅनेजर नावाची नवीन आली, दोन महिने कोणालाच काही सापडत नव्हतं, आणि मी कॉम्प्युटर सायन्सवाला म्हणून सगळे माझ्याकडे बघायचे. अरे मला लॉगिनच नाही, ते फक्त सर्टिफायिंग ऑफिशियलला असतं! तरी प्रिंटर मीच दुरुस्त केला आणि तिथल्या लोकांच्या नजरेत देव झालो.

एवढं मात्र खरं, होमवर्क करायला याच्याइतकी शांत जागा कॅम्पसवर नव्हती.

घाटावरची

माझा अनुभव थोडा अवघड आहे. आमच्या घरात युद्धाच्या विरोधातलं वातावरण, कॉलेजात मी इराकवर निबंध लिहिलेला. इथे काम घेतलं ते पैशासाठी, आणि मनात म्हटलं होतं आपण फॉर्म घ्यायचे, मत द्यायचं नाही.

ऑगस्ट २०२१. काबूल पडलं १५ तारखेला, रविवार होता, सकाळी आमच्या इंडियन असोसिएशनचं झेंडावंदन आणि सामोसे झालेले. सोमवारी ऑफिसला गेले तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच लाउंज भरलेला. कोणी फॉर्मसाठी आलं नव्हतं. सगळे फोनवर. अफगाणिस्तानात सोबत काम केलेल्या आपापल्या दुभाष्यांना बाहेर काढायचा प्रयत्न करत होते, नकाशे उघडलेले, विमानतळाच्या कुठल्या गेटला जा, कुठला कागद हातात धर. एकाने मला विचारलं, तुझी स्कॅनिंग क्वालिटी चांगली येते ना, मला याचं शिफारसपत्र नीट स्कॅन करून दे. मी देत राहिले. कोणाचं माणूस निघालं, कोणाचं नाही, कोण विचारणार. २६ तारखेला विमानतळाच्या गेटवर स्फोट झाला, तिथे १३ अमेरिकन सैनिक आणि कितीतरी अफगाण गेले. त्या दिवशी डायरेक्टरने काउन्सेलरला दिवसभर आमच्याच खोलीत बसवलं.

युद्धाबद्दलचं माझं मत बदललं नाही. ते आजही तेच आहे. पण त्यातले दोघं-तिघं माझ्यापेक्षा जास्त कडक शब्दांत तेच बोलायचे, हे मला निबंध लिहिताना कुठे माहीत होतं.

पेठेतला_पक्षी

@घाटावरची, हे इथे लिहिलंस बरं केलंस.

उसाचा_रस

कुरकुर माझ्याकडून. माझ्या युनिव्हर्सिटीत (नाव नाही लिहीत) व्हीएची फी यायला उशीर झाला की अकाउंट्सवाले विद्यार्थ्यांच्या अकाउंटवर होल्ड टाकायचे, वर लेट फी. २०१८ च्या कायद्याने हे करता येत नाही, व्हीएचे पैसे उशिरा आले म्हणून पोराला क्लासमधून काढायचं नाही, दंड लावायचा नाही. हे अकाउंट्सला दर सेमिस्टरला नव्याने समजावायचं काम आमच्या डेस्कवरच्या स्टुडंट वर्करचं, म्हणजे माझं. मिनिमम वेजमध्ये वकिली. एका ताईला, नेव्हीतून आलेली, रजिस्ट्रेशनच करता येईना, तिची लॅबची जागा गेली. कायद्याची प्रिंट काढून मी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलेली, पुढच्या वेळी फोनवर वाचूनच दाखवायचो.

दुसरं, कोर्स ड्रॉप करणारे. परीक्षा वाईट गेली की ड्रॉप करून मोकळे, आणि मग व्हीएचं पत्र येतं की जास्तीचे पैसे परत करा. आम्ही भिंतीवर मोठं लिहून ठेवलेलं, 'ड्रॉप करण्याआधी इथे या'. वाचायचं कोणीच नाही.

निशिगंध

मी थोडंच लिहिते. आमच्या ऑफिसच्या दाराशी एक छोटं गोल टेबल मांडलेलं असायचं, पांढरा कपडा, एक गुलाब, बशीत लिंबाची फोड आणि मीठ, उलटा ग्लास, समोर रिकामी खुर्ची. युद्धात हरवलेल्यांसाठी. ते पुसणं आणि लिंबू बदलणं माझ्याकडे होतं. आपल्याकडे पान वाढून ठेवतात तसंच वाटायचं मला, म्हणून मला कोणी शिकवायला लागलं नाही, आपसूक जमलं.

फ्राय स्कॉलरशिपवर एक मुलगी यायची. ती स्कॉलरशिप ९/११ पासून ड्यूटीवर असताना जीव गमावलेल्यांच्या मुलांना आणि जोडीदाराला मिळते. ही तेव्हा बाळ होती. फॉर्मवर वडिलांची माहिती भरताना प्रत्येक वेळी आईला फोन करायची. बाकी एकदम हसरी, गॉसिपची खाण.

नवीन_पाखरू

सोमवारपासून जॉइन होतेय अशाच ऑफिसात, एफ-१ वरच. काही टिप्स? 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणायचं का? टॅक्सचं काय?

जर्सीचा_बंड्या

डेस्कवर म्हणू नकोस, दिवसात चाळीस वेळा म्हणशील. नाव लक्षात ठेव, ते जास्त आवडतं. काय पाहिलंस, कोणाला मारलंस का, हे कधीच विचारायचं नाही, स्वतःहून बोलला तर ऐकायचं. मरीनला सोल्जर म्हणू नकोस, तो पूर्ण पाच मिनिटं समजावेल. आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच प्रत्येकाला आठवण कर की सुट्टीतल्या दिवसांचं भाडं येणार नाहीये, पैसे बाजूला ठेव. जानेवारीत सांगून उपयोग नाही.

मीठभाकर

टॅक्सचं मी सांगते. वर्क-स्टडीवाल्यांना माफ आहे, आपल्याला नाही, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला) येईल, १०४०-एनआर आणि ८८४३ हे टॅक्सचे फॉर्म भरायचे. पहिली पाच वर्षं एफ-१ ला सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापत नाहीत, पहिल्या पे-स्टबवर कापलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात पेरोलला सांग. आणि फोनवर येणाऱ्या मेसेजचं लक्षात ठेव, ९/११ नंतरचं जीआय बिल वापरणाऱ्यांना दर महिन्याला व्हीएचा टेक्स्ट येतो, अजून शिकताय का म्हणून, त्याला 'येस' नाही पाठवलं दोन महिने की भाडं थांबतं. अर्धे लोक तो स्पॅम समजून डिलीट करतात. डेस्कवर आलेल्या प्रत्येकाला विचार.