शब्द हवा आहे : लेमिंगला वाचवणारा बर्फ आणि मारणारा बर्फ

कोरांटी :
मुलांच्या एका अंकासाठी लेमिंगवर लेख लिहिते आहे. टुंड्रा प्रदेशातला, मुठीत मावेल एवढा, आखूड शेपटीचा हा उंदीरवर्गीय प्राणी हिवाळ्यात झोप काढत नाही. बर्फाखाली जमिनीलगत बोगदे करून राहतो, गवताची घरटी बांधतो, पिलंही तिथेच घालतो. इथवर लेख सुरळीत चालला. पुढे एका परिच्छेदात येतं, "बर्फ जाड असला की लेमिंग तगतात", आणि लगेच पुढच्या परिच्छेदात, "बर्फामुळे लेमिंग उपाशी मरतात". दोन्ही खरं आहे. पहिला बर्फ आभाळातून पडलेला, भुसभुशीत. दुसरा म्हणजे त्यावर पाऊस पडून सगळं गोठतं तो. 'हिम' आणि 'बर्फ' अशी वाटणी केली तर चालेल का? की ओढूनताणून वाटेल? शिवाय बर्फाखालच्या त्या राहायच्या जागेला काय म्हणावं?

अण्णा बार्शीकर :
वाटणी जरूर करा. हिमवर्षाव, हिमकण, हिमालय. पडतं ते हिम, हे मराठी कानाला ठाऊक आहे. बर्फ आपल्याकडे लादीचा, गोळ्याचा, फ्रीजमधला. हाताला टणक लागतो तो बर्फ. वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की दर थंडीत बातमीत 'हिमकण' येतातच. (ते खरं दहिवर. पण दहिवर बघायला महाबळेश्वरला कोण जाईल?)

गंमत अशी की फारसीत बर्फ म्हणजे पडणारं हिमच, आणि गोठलेलं पाणी म्हणजे 'यख'. शब्द आपण घेतला, अर्थ वाटेत सरकला. म्हणून व्युत्पत्तीवर जाऊ नका, वापरावर जा.

खवचट :
वापरावरच जायचं तर मनालीहून परतलेला प्रत्येक मराठी माणूस "बर्फात खेळलो" असंच सांगतो. "हिमात खेळलो" म्हणणारा एक दाखवा, अण्णा. भुसभुशीत बर्फ, टणक बर्फ असं विशेषण लावा आणि मोकळे व्हा.

त्रोम्सोवासी :
उत्तर नॉर्वेत राहते, म्हणून जरा लांबण लावते. विशेषणानं भागणार नाही, कारण या दोन गोष्टी लेमिंगच्या बाबतीत एकमेकींच्या उलट काम करतात.

हिमाच्या जाड थरात हवा कोंडलेली असते, त्यामुळे जमिनीची ऊब खालीच अडकते. वर उणे पंचवीस असलं तरी तळाशी तापमान शून्याच्या थोडंच खाली राहतं. तळातली वाफ वर सरकत राहते, तसतसे सगळ्यात खालच्या थरातले कण जाड्या साखरेसारखे मोकळे होतात. लेमिंग बोगदे करतात ते याच थरात. अलास्कातल्या मूलनिवासींच्या भाषेत त्याला 'पुकाक' म्हणतात आणि हिमाचा अभ्यास करणाऱ्यांनी तोच शब्द जसाच्या तसा उचलला आहे.

आता भर हिवाळ्यात दोन दिवस पाऊस पडला असं धरा. इथे तो हल्ली पडतो. पाणी झिरपत जमिनीपर्यंत जातं आणि थंडी परतली की तिथेच गोठतं. गवत, शेवाळ सगळं त्यात कैद. बोगदे बंद, खाणं दिसतं पण दातांना लागत नाही. याला हिमाचा प्रकार म्हणणं म्हणजे पुराला पावसाचा प्रकार म्हणणं.

दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांत, बर्गनच्या रेल्वेमार्गावर, फिन्से नावाचं ठिकाण आहे. तिथे लेमिंगची अनेक वर्षांची मोजणी आहे. दर तीन ते पाच वर्षांनी संख्या उसळायची. १९९४ नंतर बरीच वर्षं ती उसळलीच नाही. २००८ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात त्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि बोट गेलं ते हिमाच्या बिघडलेल्या पोताकडे. पुढे २०११ च्या सुमारास नॉर्वेत पुन्हा एक दणदणीत लेमिंगवर्ष आलं, तेव्हा "लेमिंग संपले" असं मात्र लिहू नका. इकडे अशा वर्षाला 'लेमेनओर' असा एकच शब्द आहे.

खवचट :
बरं, हिम. माघार.
पण 'लेमिंगवर्ष' कशाला? मराठीत 'सुळसुळाट' हा शब्द उंदरांसाठीच जन्मला आहे.

कोरांटी :
सुळसुळाट घेतला! आणि लेखात या चढत्या-पडत्या संख्येला "चक्र" म्हटलं होतं, ते काढून टाकते. चक्र म्हटलं की ठरल्या वेळी फिरणारच असं वाटतं, आणि सगळी गोष्ट ते अडखळल्याची आहे. 'चढउतार' बरा.
जागेचं अजून राहिलं. 'हिमपोकळी' कसं वाटतं? आणि त्या गोठलेल्या थराला 'गोठण'?

अण्णा बार्शीकर :
गोठण नको. कोकणात ती गुरांची बसायची जागा. मुलं हिमात म्हशी शोधतील. सरळ 'बर्फाचा थर' म्हणा, एवढ्यासाठीच तर बर्फ राखून ठेवला.
पोकळी म्हटलं की रिकामी, हवेशीर वाटते. उंदीर जिथे शिरतो ती 'सांद'. 'हिमाखालची सांद' लिहा. समास केलाच पाहिजे असं कुठे आहे?

मुरगावकर :
सांद छान. थोडं विषयांतर, पण लेखाला उपयोगी पडेल. आमच्या वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र स्वालबार्ड बेटांवर, न्यू-ओलेसुंडला, 'हिमाद्री' हे ठाणं चालवतं, २००८ पासून. त्या बेटांवर लेमिंग नाहीत. आहेत ते एका लहान भागात व्होल, तेही रशियन खाणवस्तीबरोबर, बहुधा गुरांच्या चाऱ्यातून आलेले. (व्होल म्हणजे लेमिंगचा चुलतभाऊ. व्होलच लिहा.) २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तिथला अभ्यास आला. हिवाळी पावसानं बर्फाचा थर धरला की रेनडियर, टार्मिगन पक्षी आणि व्होल, तिघांचीही संख्या एकदमच घसरते. हे तिघे एकमेकांना खात नाहीत; त्यांना एका माळेत ओवतो तो बर्फ. कोल्ह्याची घसरण वर्षभरानं येते, कारण आधी त्याला मेलेल्या रेनडियरची मेजवानी मिळते.

कोरांटी :
हे घेणारच. शिकाऱ्यांवरूनच शेवटचा प्रश्न : लेमिंगच्या मागे लागणारा 'स्टोट' हा लहान शिकारी प्राणी एका जुन्या अनुवादात 'मुंगूस' केलेला दिसला. ठेवू?

त्रोम्सोवासी :
नको हो. मुंगूस मांजरांच्या बाजूचा प्राणी, स्टोट कुत्रा-अस्वलांच्या बाजूचा. महाराष्ट्रात त्याचे नातलग शोधायचे तर पाणमांजर आणि चांदी अस्वल.

आणि इथे शब्द चुकला तर गोष्टच चुकते. ईशान्य ग्रीनलंडमधल्या ट्राइल बेटावर १९८८ पासून लेमिंगची मोजणी चालू आहे. हिम वितळलं की माणसं हिंडून लेमिंगची हिवाळी घरटी मोजतात. तिथे शिकारी चारच : हिमघुबड, ध्रुवीय कोल्हा, लांब शेपटीचा स्कुआ हा समुद्रपक्षी आणि स्टोट. पहिले तिघे वरून झडप घालणारे, लेमिंग कमी झाले की दुसरीकडे किंवा दुसऱ्या खाण्याकडे वळणारे. स्टोट सडपातळ, थेट सांदीत शिरतो, लेमिंगला मारून त्याच्याच घरट्यात त्याचेच केस अंथरून झोपतो. त्याची संख्या लेमिंगच्या मागून, वर्षभरानं वाढते, आणि पडत्या लेमिंगना तोच आणखी खाली दाबतो. २००० च्या आसपास तिथले चढउतार मोडले, सुळसुळाटाची वर्षं येईनाशी झाली, आणि हिमघुबडांची पिलं जवळजवळ दिसेनाशी झाली.

तेव्हा 'स्टोट' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे "पाणमांजराच्या कुळातला, दीड वीत लांबीचा शिकारी" एवढं खर्चा.

कोरांटी :
लिहिते. चित्रकारालाही कळवायला हवं, त्यानं सगळे प्राणी तपकिरी रंगवलेत.

त्रोम्सोवासी :
ग्रीनलंडचं चित्र असेल तर हिवाळ्यात लेमिंग आणि स्टोट दोघेही पांढरे. लेमिंगच्या पुढच्या पायांची दोन नखं हिम उकरायला मोठी होतात, ती दाखवायला सांगा. आणि स्टोटच्या शेपटीचं टोक बारा महिने काळंच.