मदत हवी आहे: लिनक्ससाठी रुंद मॉनिटर, २७ इंची की ३४ इंची?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं पॅटर्नच्या (ओतकामाचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याच्या) ड्रॉइंगचं काम चालतं. फौंड्रीवाले पीडीएफ पाठवतात, मी फ्रीकॅड या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करतो. आत्ताच्या २२ इंची पडद्यावर मॉडेल आणि पीडीएफ शेजारी-शेजारी मावत नाहीत, दिवसभर आल्ट-टॅब चालू. रुंद मॉनिटर घ्यायचाय. बजेट २५ हजार, लईच पटलं तर ३०.

मशीन आठव्या पिढीच्या आय५चं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, लिनक्स मिंट सिनॅमन. मदरबोर्डला एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय, तेही जुन्या १.४ आवृत्तीचं. गोम इथंच आहे.

आधी २९ इंची (२५६० × १०८०) मनात भरला होता. पण हिशेब मांडला तर त्याची उंची जेमतेम सव्वाअकरा इंच, म्हणजे साध्या २४ इंचीपेक्षाही बुटका! फ्रीकॅडचे टूलबार वरची जागा खातात, त्यामुळे तो बाद. २७ इंची (२५६० × १४४०) आणि ३४ इंची (३४४० × १४४०) हे उंचीला जवळपास सारखेच, तेरा इंचांच्या थोडे वर. दोन्हींत इंचाला साधारण ११० पिक्सेल, म्हणजे स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) न लावताही रफार-अनुस्वार नीट दिसावेत. ३४ मध्ये वाढते ती रुंदी, आणि मला तीच पाहिजे.

दुकानदार मात्र २७ इंची ४के (३८४० × २१६०) गळ्यात मारतोय. माझ्या एचडीएमआयवर ४के ३० हर्ट्झलाच (सेकंदाला ३० चित्रं) चालणार, माउस रखडणार. वर १५० टक्के स्केलिंग लावलं की एक्स११मध्ये (मिंटची पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा) सगळं आधी मोठं काढून मग लहान करावं लागतं. ऑनबोर्ड ग्राफिक्सला हा भार कशाला?

आता अडलंय ते असं: ३४ इंची या पोर्टवर बहुतेक ५० हर्ट्झलाच चालेल. कुणी तसं वापरलंय का, डोळ्यांना जाणवतं का? आणि ३४ इंची बघावा तो वक्र. ड्रॉइंगमधली सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर माझा धंदाच बसला.

प्रतिसाद

भाऊ, मी ३४ इंची ५० हर्ट्झवर वापरलाय. स्क्रोल करताना फरक कळतो, ड्रॉइंगला काही अडत नाही. पुढे खटकलं तर डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा दुसरा पोर्ट) असलेलं साधं ग्राफिक्स कार्ड टाका, ६० मिळतील. वक्राचं म्हणाल तर मधोमध बसलात की रेघ सरळच वाटते. बाजूला उभं राहून ग्राहक बघणार असेल तर मात्र पंचाईत. पॅनेल आयपीएसच घ्या, बाजूनं बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. ड्रायव्हरची काळजी नको, इंटेलचा कर्नलमध्येच असतो.

घेण्याआधी कॅबिनेट गाडीवर घाला आणि दुकानात जोडून बघा. टर्मिनलमध्ये एक्सरँडर (xrandr) ही कमांड चालवली की ३४४० × १४४० पुढे किती हर्ट्झ येतात ते दिसतंय. दुकानदार जोडू देत नसेल तर राजारामपुरीत दुकानं काय कमी आहेत?

धागाकर्ता

कॅबिनेट न्यायची आयडिया झकास! शनिवारी जातो. ग्राहक कायम माझ्या खांद्यावरूनच बघतात, त्यामुळे वक्र नको असं वाटायला लागलंय. ३४ इंची, आयपीएस आणि सपाट असा कुणाच्या बघण्यात असेल तर मॉडेल सांगा. नसेलच तर २७ घेऊन जुना २२ व्हीजीएवर शेजारी लावतो, पीडीएफपुरता चालेल.